वदनी कवळ

पहिला घास घेण्यापूर्वी म्हणायचा चार चरणांचा मराठी भोजनश्लोक आणि त्यामागची, अन्नाचे भान ठेवून जेवण्याची रीत. कवळ म्हणजे घास (संस्कृत ‘कवल’). मराठवाड्यात हा श्लोक घरी, शाळेतल्या मधल्या सुटीत आणि सप्ताहाच्या पंगतीत म्हटला जातो.

कर्तृत्व : परंपरा हा श्लोक समर्थ रामदासांचा (१६०८–१६८१) मानते. त्यांचे जन्मगाव जांब आजच्या जालना जिल्ह्यात येते. मात्र हा मनाच्या श्लोकांपैकी एक, ही सार्वत्रिक समजूत बरोबर नाही. त्या २०५ श्लोकांत तो नाही. मनाचे श्लोक बारा अक्षरी भुजंगप्रयात वृत्तात आहेत. हा पंधरा अक्षरी मालिनी वृत्तात असून तिच्या प्रत्येक चरणाची पहिली सहा अक्षरे लघू (ऱ्हस्व) असतात. म्हणून रूढ लेखन ‘वदनी’ असले तरी वृत्ताला ‘वदनि’ हवे आणि तिसऱ्या चरणातला ‘जीवन’ही ‘जिवन’ असाच म्हणावा लागतो. छापील पाठांत ही ओढाताण सहसा दिसत नाही, पण मुलांच्या तोंडी चालीवर ती आपोआप सुटते. करुणाष्टकांतील ‘अनुदिनि अनुतापे’ मालिनीतच आहे, हे परंपरेच्या बाजूने जाते. तरी मालिनी पंडित कवींच्याही वापरातली होती आणि या चार चरणांत कर्त्याची नाममुद्रा नाही. तेव्हा श्लोक समर्थ परंपरेतला म्हणणे अधिक सुरक्षित. विचार मात्र निःसंशय रामदासांचा : ‘जनी भोजनी नाम वाचे वदावे’ हा मनाचा श्लोक हरिचिंतन करीत अन्न सेवावे, असेच सांगतो. पुष्कळ ठिकाणी दोन्ही श्लोक जोडून म्हणतात. वरील समजूत बहुधा त्यातूनच झाली असावी.

आशय : ‘उदरभरण नोहे, जाणिजे यज्ञकर्म’ या चरणामागे प्राणाहुतीची कल्पना आहे. छांदोग्योपनिषदात (५.१९–२४) पहिले घास प्राण, व्यान, अपान, समान व उदान यांना आहुती म्हणून दिले आहेत, गीता (१५.१४) जठराग्नीला वैश्वानर म्हणते. पैठणजवळच्या आपेगावशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या ज्ञानेश्वरांनीही तिसऱ्या अध्यायात अन्न साधारण म्हणू नये, ते ब्रह्मरूप आहे, असे सांगितले. श्लोकाचे वेगळेपण ‘सहज हवन होते’ यातल्या ‘सहज’ शब्दात आहे. आपोशन (जेवणाआधी मंत्र म्हणून घ्यायचे पाणी), चित्राहुती (ताटाशेजारी ठेवायची अन्नाची शिते), मंत्र यांपैकी काही येत नसले तरी चालते. नाम पुरे, आणि तेही ‘फुकाचे’. ज्याच्या ताटात कोरडी भाकरी आहे त्यालाही यज्ञाचा अधिकार देणारा हा शब्द आहे.

आचार : श्लोक न म्हणणाऱ्या घरांतही रीत दिसते. खाली पडलेला भाकरीचा तुकडा उचलून कपाळाला लावतात, ताटात उष्टे टाकू देत नाहीत, पाहुण्याला आधी गूळपाणी देतात. पाण्याविषयी पैठणच्या एकनाथांची कथा सर्वतोमुखी आहे : रामेश्वरासाठी आणलेली कावड त्यांनी तहानेल्या गाढवाच्या मुखी घातली. लातूर, धाराशिव भागांत मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, हीच भावना शिवारात उतरते. कडब्याच्या कोपीत (खोपीत) पूजा होते, उभ्या पिकात आंबील शिंपडतात, मग माणसे भज्जी, उंडे नि आंबिलीच्या जेवणाला बसतात.