ख्रिस्ती पत्रक संस्था (ट्रॅक्ट सोसायटी)

ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारी छोटी पत्रकं अन् पुस्तिका छापायच्या, त्या फुकट नाहीतर नावापुरत्या किमतीत वाटायच्या, एवढंच काम करणाऱ्या संस्थांना ट्रॅक्ट सोसायटी म्हणतात. मराठी ख्रिस्ती लोक पण बोलताना ट्रॅक्टच म्हणतात, पत्रक हा छापील शब्द झाला. मराठवाड्यात हा कागद बहुतेकांच्या हातात पडतो तो एसटी स्टँडवर नाहीतर आठवडी बाजारात, आणि घेणारा आधी विचारतो, किती पैसे? मग "घ्या मामा, फुकट हाय" असं उत्तर येतं आणि फुकट म्हटलं की माणूस अजूनच संशयाने बघतो.

बायबल वाटणारे आणि ट्रॅक्ट वाटणारे एकच, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये. १८०४ मध्ये लंडनला ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी निघाली, तिचा नियम असा की नुसतं शास्त्र, म्हणजे बायबलचा मूळ मजकूर, छापायचा, त्याच्याखाली ना टीप ना अर्थ. कारण तिच्यात वेगवेगळ्या पंथांचे लोक होते, अर्थ सांगायला बसले असते तर पहिल्याच बैठकीत भांडणं झाली असती. समजावून सांगायचं काम मग ट्रॅक्टवाल्यांकडे राहिलं. तिकडची रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी तर अजून जुनी, १७९९ ची, आणि गंमत म्हणजे बायबल सोसायटीचा विषय निघाला तोच हिच्या बैठकीत, वेल्श भाषेतली बायबलं मिळत नाहीत अशी तक्रार आली होती त्यावरून. अमेरिकन ट्रॅक्ट सोसायटी १८२५ ची, न्यूयॉर्कची. हॉटेलच्या ड्रॉवरमध्ये सापडतं ते बायबल गिडियन नावाच्या संस्थेच्या लोकांचं, ते १८९९ पासूनचे, पण ते मुख्यतः शास्त्रच वाटतात, त्यामुळे त्यांना ट्रॅक्टवाले म्हणणं तितकंसं बरोबर नाही.

मराठीत सुरुवात झाली ती बंगालातल्या सेरामपूरहून (आपलं नगरकडचं श्रीरामपूर नव्हे). तिथे विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याने मराठी नवा करार (बायबलचा येशूबद्दलचा भाग) छापला, साल १८११. मुंबईत अमेरिकन मिशन १८१३ ला आलं, मग त्यांचा छापखाना आला, आणि १८१७ मध्ये त्यातून आठ पानी मराठी पत्रक निघालं. बॉम्बे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी १८२७ ची. अहमदनगरला 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक निघालं १८४२ ला. धर्म बाजूला ठेवला तरी या छापखान्यांचं एक देणं आहेच, गणपत कृष्णाजींनी मिशनची छपाई बघून बघून ती कला उचलली, स्वतःचा छापखाना टाकला आणि १८३१ ला छापील मराठी पंचांग काढलं. म्हणजे ज्याला मिशनरी अंधश्रद्धा म्हणायचे तेच त्यांच्याकडची विद्या शिकून घराघरात गेलं!

मराठवाडा तेव्हा निजामाकडे, त्यामुळे इकडचा रस्ता वेगळा. जालन्याला इंग्रजांची छावणी होती, आणि तिथे नारायण शेषाद्री आले, १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण गृहस्थ. त्यांनी जालन्याजवळ निजाम सरकारकडून जमीन मिळवून बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. वाचता येणारे मोजकेच असायचे तेव्हा, म्हणून कागदापेक्षा तो कागद मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस महत्त्वाचा, आणि बायकांमध्ये हे काम बायबलबाई करायच्या, घरात आत जाऊन. न वाचणाऱ्यांसाठी अक्षरंच नसलेली पुस्तिका पण आहे, नुसती रंगीत पानं. काळं म्हणजे पाप, लाल म्हणजे येशूचं रक्त, पांढरं म्हणजे शुद्ध झालेलं मन, ही कल्पना स्पर्जन या इंग्रज उपदेशकाने १८६६ ला प्रवचनात सांगितली, सोनेरी पान नंतर जोडलं गेलं.

भाषेचं मात्र अवघड आहे. माझ्याकडे जालन्याच्या बाजारात मिळालेलं एक ट्रॅक्ट आहे, एकच कागद तीन घड्यांचा, वर उगवता सूर्य अन् मोठ्या अक्षरात प्रश्न, तुमचं तारण झालं आहे का? आता ख्रिस्ती मराठीत तारण म्हणजे पापातून सुटका, पण आमच्याकडे तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू, सोयाबीन गोदामात ठेवून बाजार समितीकडून पैसे उचलतात ती पण शेतमाल तारण योजनाच. शेजारी बसलेल्या काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "झालंय की, दोन एकर." प्रीती, मंडळी (एका चर्चची माणसं), पाळक (चर्चचे धर्मगुरू), सुवार्ता (येशूचा संदेश) या शब्दांचं पण तसंच, चर्चमध्ये जाणाऱ्याला घरचे, बाकीच्यांना पुस्तकी. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या भाषांतरातली भाषा अजून तशीच चालू आहे, हे कुणी बदलत कसं नाही हा मला पडलेला प्रश्न.

पैसा येतो देणग्यांतून. सगळेच फुकट देतात असं पण नाही, सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची माणसं दारोदार फिरून आरोग्यावरची पुस्तकं विकतात, त्यांचं ओरिएंटल वॉचमन हे प्रकाशन पुण्याचं.

वाटणं कायदेशीर आहे का, हा प्रश्न दरवेळी निघतो. घटनेच्या २५ व्या कलमात धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. पण सुप्रीम कोर्टाने १९७७ ला स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रचार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. कागद देणं वेगळं, आमिष किंवा धाक दाखवणं वेगळं. स्टँडवर वाद होतो तेव्हा हा फरक कुणीच बघत नाही, वाटणारा पण नाही अन् अडवणारा पण नाही.

ट्रॅक्ट हातात आलं की मी तरी आधी उलटं करून मागची बाजू बघतो. पुढचा मजकूर कुठेही छापलेला असू शकतो, मागे तळाशी मात्र रिकामा चौकोन सोडलेला असतो आणि त्यात गावातल्या मंडळीचा रबरी शिक्का बसतो, प्रार्थनेची वेळ अन् मोबाईल नंबर. माझ्याकडच्यावर जुना नंबर बॉलपेनाने खोडून खाली नवीन लिहिलाय, आणि तो शिक्का पण जरा तिरकाच बसलाय.