उघाडी कोण सांभाळणार?

आषाढातली वद्य तृतीया होती. नवी मुंबईत पाम बीच रस्त्यालगत, पावसाचं पाणी थोपवून धरणाऱ्या एका धारण तलावाच्या बांधावर करावे गावातले एक आजोबा आणि मी उभे होतो. भरती किती वाजता, असं विचारल्यावर त्यांनी मोबाइल काढला नाही. "तीन पाऊण सव्वादोन," एवढंच म्हणाले. कोकणच्या किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे निघते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरतीही तेवढीच मागे सरकते. ते गणित या एका पाऊणकीत बसवलेलं आहे.

बांधाच्या पोटात ओळीने जाड झाकणांसारखी दारं होती. बिजागरी वर, खालची कड मोकळी. ओहोटीला तलावातलं पाणी आतून रेटतं, दार बाहेर उचललं जातं आणि पाणी खाडीत जातं. खाडी चढू लागली की बाहेरचा दाब वाढतो आणि तेच दार चौकटीवर दाबून बसतं. मोटर नाही, वीज नाही. आमच्या डोळ्यांदेखत, बाराच्या सुमारास, एकेक दार बसत गेलं. एक मात्र बसेना. खाली चपलेचा तळ आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा बोळा अडकला होता. चार बोटांच्या फटीतून खाडीचं गढूळ पाणी तलावात शिरत होतं.

आजोबा वाकून बघत म्हणाले, "ही तं आमचीच उघारी."

त्यांच्या बोलण्यात ड चा र होतो. शब्द आहे उघाडी. ठाणे-रायगडच्या आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाजणाला मातीचे बांध घालून, खारं पाणी बाहेर ठेवून भात पिकवला. पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात जी झडप ठेवत, ती उघाडी. पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन नेतो, उघाडी ते खाडीत सोडते आणि भरती आली की मिटते. भरतीला एखादी उघाडी उघडी राहिली तर त्या शेतात पुढची दोन-तीन वर्षं धड पीक येत नसे.

१९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरली. तिचा खाडीकडचा मोठा भाग भातखाचरं, मिठागरं आणि खाजणांचा, म्हणजे उधाणाच्या भरतीपेक्षा सखल. अशा जमिनीवर शहर वसवायचं तर दोन मार्ग होते. सगळी जमीन भराव घालून उंच करायची, किंवा पाणी थांबायला जागा राखायची. सिडकोने दुसऱ्या मार्गाला महत्त्व दिलं. हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव, म्हणजेच होल्डिंग पॉण्ड, आखले. महापालिका क्षेत्रात असे ११ तलाव आहेत. हा निर्णय दूरदृष्टीचा होता, असं मला मनापासून वाटतं. एवढी मोक्याची जमीन रिकामी ठेवायला धैर्य लागतं.

ती जागा किती काम करते ते पाहू. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे शंभर टँकर. माती आणि झाडं असतील तर त्यातलं बरंच मुरतं. काँक्रीट आणि डांबर असेल तर जवळपास सगळं धावत सुटतं. समजा, एखाद्या तलावाकडे १०० हेक्टरांच्या सेक्टरांचं पाणी येतं, आणि भरतीच्या तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला. त्यातलं ८० टक्के वाहून आलं तर ८० हजार घनमीटर होतं. आठ हेक्टरांच्या तलावात त्याने पातळी बरोबर एक मीटर चढते. आता त्या एक मीटर जागेत आधीच अर्धा मीटर गाळ बसला असेल, आणि फटीतून आलेल्या भरतीच्या पाण्याने आणखी अर्धा मीटर जागा व्यापली असेल, तर पावसासाठी जागाच उरत नाही. पाणी गटारातून उलटं फिरतं आणि तळमजल्यांत शिरतं. पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे. त्याच्या उतारावरून आलेले नाले या अरुंद पट्टीतून काही वेळातच खाडीकाठी पोचतात, त्यामुळे सावरायला फारसा वेळ मिळत नाही.

तलाव गाळाने का भरतात? बरंचसं उत्तर त्या अडकलेल्या चपलेत आहे. दार नीट बसलं नाही की खाडीचं पाणी आत येतं. ठाणे खाडीच्या पाण्यात चिखल भरपूर असतो, आणि तलावात पाणी स्थिर झालं की तो तळाशी बसतो. त्याच पाण्याबरोबर तिवराचं, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाचं, बी तरंगत येतं. मऊ, खारट, उथळ चिखल, म्हणजे तिवराला हवी तशीच जमीन. रोप रुजलं की भोवती पेन्सिलीसारखी श्वसनमुळं वर येतात, ती पाण्याचा वेग कमी करतात, आणखी गाळ धरतात. काही वर्षांत पाण्यासाठी राखलेल्या जागी जंगल उभं राहतं.

इथे गुंता होतो. खारफुटी किनाऱ्याची धूप थांबवते, मासळीची पिल्लं वाढवते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८च्या निकालाने संरक्षण आणखी पक्कं केलं. ते झालं नसतं तर ठाणे खाडीचा किनारा कधीच बुजला असता. २०१५ साली इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. मी या संरक्षणाच्या पूर्ण बाजूने आहे. पण तलावातली खारफुटी हलवून गाळ काढायचा तर महापालिकेला वनखातं, किनारी क्षेत्र प्राधिकरण, न्यायालय अशा वाऱ्या कराव्या लागतात, आणि पाऊस तोवर थांबत नाही. माझ्या मते जिथे दाट जंगल झालं आहे तिथे ते राहू द्यावं, मधली मोकळी जागा नियमित उपसावी आणि दारं आधी दुरुस्त करावीत. दार गळतं ठेवून गाळ उपसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

आणि दार गळतं का राहतं, याचा विचार करताना मला हॉलंडच आठवतं. त्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे. तिथे तेराव्या शतकापासून जलमंडळं आहेत. बांध आणि झडपा सांभाळणं हे त्यांचं मूळ काम. त्यांची वेगळी निवडणूक होते, त्यांचा वेगळा कर असतो. आपण तिकडून तलावाचा आराखडा घेतला, जलमंडळ घेतलं नाही.

इथे अशी व्यवस्था नव्हतीच, असंही नाही. जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात बाहेरचा मोठा बांध राखायची जबाबदारी शिलोत्रीदारावर असे, आणि त्याबद्दल त्याला कुळांकडून भाताचा ठरलेला वाटा मिळे. त्या पद्धतीत पिळवणूकही होती, ती परत यावी असं कुणीच म्हणणार नाही. पण बांध फुटला तर कुणाच्या दारात जायचं हे गावाला ठाऊक होतं. बांधाला खेकड्याने पाडलेलं भोक माणसं स्वतः चिखलाने लिंपत. शहरासाठी शेती गेली तेव्हा ती माणसंही बांधावरून उठली. जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत उरणजवळच्या जासईला शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मोबदला जमिनीचा ठरला. भरती ओळखणाऱ्या, उघाडी राखणाऱ्या माणसांना मात्र नव्या शहराने त्याच कामावर बोलावलं नाही.

समुद्राची पातळी वाढते आहे, याचा इथला अर्थ फार साधा आहे. खाडी तलावापेक्षा खाली असेल तेवढाच वेळ दार उघडं राहतं. पातळी जशी चढेल, तसे दर ओहोटीला दार उघडं राहण्याची मिनिटं कमी होतील. मग पंप बसवावे लागतील, त्यांना वीज लागेल, आणि ती नेमकी मुसळधार पावसात टिकली पाहिजे.

त्या दिवशी तीनच्या आसपास सर आली. आजोबा रिक्षा स्टँडच्या छपराखाली थांबले. पाऊस उघडल्यावर बांधावर आले, तलावाकाठच्या एका दगडावरची ओल कुठवर चढली ते पाहिलं आणि म्हणाले की पाच-साडेपाचपर्यंत दारं सुटतील. पाच वाजून वीस मिनिटांनी पहिलं दार हललं. तो दगड सोडला तर तलावाची पातळी दाखवणारी दुसरी कुठलीही खूण तिथे नव्हती.