परग्रहावरचा पाव्हणा आणि आपला मेंदू

सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, मथुरेकडच्या चार साधूंना लोकांनी पोरं पळवणारी टोळी समजून मारहाण केली. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, बास. अफवा आधीपासून फिरत होत्या, वेश अनोळखी, भाषा हिंदी, झालं.

ती बातमी वाचली आणि मला आर्थर क्लार्कची १९५३ची 'चाइल्डहूड्स एंड' ही कादंबरी आठवली. त्यात परग्रहावरून आलेले लोक पृथ्वीवरची युद्धं बंद करतात, गरिबी घालवतात, पण ५० वर्षं स्वतः कुणासमोर येत नाहीत, कारण त्यांना शिंगं, पंख आणि शेपूट असते, थेट चित्रातला सैतानच! आधी भरवसा बसू दे, मग तोंड दाखवू, एवढा साधा हिशेब, आणि माझ्या मते सायन्स फिक्शनमध्ये माणसाचा मेंदू इतका बरोबर ओळखलेला क्वचितच सापडतो.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विलिस आणि तोदोरोव या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अनोळखी चेहरे फक्त १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग दाखवले आणि कोण विश्वासू वाटतो ते विचारलं. उत्तरं निवांत बघून दिलेल्या उत्तरांशी बरीचशी जुळली, वेळ वाढवला की मत फारसं बदलत नव्हतं, स्वतःच्या मताची खात्री तेवढी वाढत होती. यात अमिग्डाला म्हणून मेंदूत बदामाएवढा भाग आहे त्याचा हात असतो, तो दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या पेशंटना इतरांना डेंजर वाटणारे चेहरेही भरवशाचे वाटले, हे १९९८ मध्येच दिसलं होतं.

पण खरी गंमत पुढं आहे. मेंदू स्वभाव वाचतच नाही, तो भाव वाचतो. एखाद्याच्या ओठांचे कोपरे जन्मतःच थोडे वर असतील तर मेंदूला ते हसू वाटतं, भुवया आत झुकलेल्या असतील तर राग वाटतो, माणूस गप्प बसलेला असला तरी, म्हणजे हाडांची ठेवण बघून आपण मनाचा निकाल लावतो आणि तो निकाल लागला हे आपल्याला कळतसुद्धा नाही. सामुद्रिक शास्त्र असो की चेहऱ्यावरून स्वभाव सांगणारं एआय अ‍ॅप, दोन्ही याच चुकीवर पैसे कमावतात आणि ते थांबलं पाहिजे.

मागच्या आठवड्यात आठवीच्या वर्गात फळ्यावर दोन एलियन काढले, सगळं सेम, फक्त तोंडाची रेघ एकाची वर, एकाची खाली. घरात कुणाला घ्याल? जवळजवळ सगळे हात पहिल्याला. मग सांगितलं की दुसरा औषध घेऊन आलाय, तेव्हा निम्मे हात तिकडं गेले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, "सर, त्यांच्याकडं हसताना तोंड खालीच वाकत असलं तर?"