वैमानिकांचा तुटवडा: भाकिते किती खरी ठरतात?

बारावीचे निकाल लागले की पुण्यात वैमानिक प्रशिक्षणाच्या जाहिराती वाढतात आणि त्यांतल्या अनेकांत येत्या वीस वर्षांत किती वैमानिक लागणार, याचा एक मोठा आकडा ठळकपणे छापलेला असतो. हे आकडे खोटे नसतात. बोइंग कंपनीने २०११ मध्ये पुढील वीस वर्षांत जगाला ४ लाख ६० हजार नवे वैमानिक लागतील असे म्हटले होते आणि २०२४ मध्ये तोच अंदाज ६ लाख ७४ हजारांवर नेला होता. केंद्रीय नागरी विमान वाहतूकमंत्र्यांनी २०२५ मध्ये देशाला येत्या पंधरा-वीस वर्षांत ३० हजार वैमानिक लागतील असे सांगितले, तेव्हा देशात सुमारे सहा-सात हजार वैमानिक काम करत होते. प्रश्न असा आहे की दशकानुदशके वर्तवला जाणारा हा तुटवडा प्रत्यक्षात कधी येतो का, आणि येत असेल तर कोणत्या रूपात येतो.

त्यासाठी आधी हे आकडे कसे काढले जातात ते पाहू. एक मध्यम आकाराचे प्रवासी विमान दिवसाला सुमारे बारा तास उडते असे धरले, तर वर्षाला ४,३८० तास होतात. कॉकपिटमध्ये दोघे असतात, म्हणून वैमानिकांचे तास ८,७६० भरतात. नियमानुसार एका वैमानिकाला वर्षात जास्तीत जास्त १,००० तास उडता येते. पण रजा, सिम्युलेटरवरील चाचण्या, वैद्यकीय तपासण्या आणि राखीव ड्यूटी वजा जाता तो ७०० ते ८०० तासच उडतो. म्हणजे एका विमानामागे अकरा ते साडेबारा वैमानिक लागतात, आणि त्यांतले निम्मे कॅप्टन असावे लागतात. वीस वर्षांत किती विमाने येतील याला या संख्येने गुणायचे, निवृत्त होणाऱ्यांची भर घालायची, की भाकीत तयार होते.

या पद्धतीत एक मूलभूत मर्यादा आहे. ती गरज मोजते, तुटवडा मोजत नाही. तुटवडा म्हणजे गरज आणि उपलब्धता यांतील फरक, आणि उपलब्धता किती असेल हे त्या गुणाकारात कुठेच नसते. शिवाय विमाने बनवणाऱ्या कंपनीने मांडलेला अंदाज आपली विमाने विकली जातील या गृहीतकावरच उभा असतो.

अर्थशास्त्रात या प्रश्नाचा विचार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अभियंते आणि शास्त्रज्ञ कमी पडत असल्याची ओरड सुरू होती, तेव्हा केनेथ ॲरो आणि विल्यम कॅप्रॉन यांनी १९५९ मध्ये एक साधा पण फार उपयोगी विचार मांडला. मागणी सतत वाढत असेल आणि पगार तिच्या मागून सावकाश वाढत असतील, तर मधल्या काळात जागा रिकाम्या राहतात. हा तुटवडा खरा असतो, पण तो कायमचा नसतो, कारण पगार मागणीला गाठेपर्यंतच तो टिकतो. पुढे १९७६ मध्ये रिचर्ड फ्रीमन यांनी अभियंत्यांच्या बाबतीत या गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. पगार चढलेले पाहून तरुण एका शाखेकडे वळतात, शिक्षण पूर्ण व्हायला काही वर्षे लागतात, आणि ते सगळे एकदम बाजारात येतात तेव्हा पगार उतरतात. चाकणच्या किंवा लासलगावच्या बाजारात कांद्याचे जे होते तेच इथे होते: यंदा भाव चढला की पुढच्या हंगामात सगळेच कांदा लावतात आणि काढणीच्या वेळी भाव कोसळतो. फरक कालावधीचा आहे. कांद्याचे चक्र काही महिन्यांत फिरते; वैमानिकाला परवाना मिळवायला दोन-तीन वर्षे लागतात आणि कॅप्टन व्हायला त्यापुढे आणखी काही वर्षे जातात.

अमेरिकेत हे चक्र स्पष्ट दिसले. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून प्रवासी विमानाच्या सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १,५०० तासांचा अनुभव आवश्यक ठरला. आता मोठा तुटवडा येणार असे सर्वत्र बोलले जाऊ लागले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१४ मध्ये याची तपासणी केली तेव्हा पुरावे संमिश्र निघाले. छोट्या प्रादेशिक विमान कंपन्यांना भरतीचे लक्ष्य गाठता येत नव्हते हे खरे होते. परंतु महागाई लक्षात घेता वैमानिकांचे उत्पन्न २००० ते २०१२ या काळात घटले होते, आणि ज्या वस्तूची खरोखर टंचाई असते तिचा भाव उतरत नाही. मला हा निकष फार महत्त्वाचा वाटतो. माणसे मिळत नाहीत असे कोणी म्हटले, की कोणत्या पगारावर मिळत नाहीत, हे आधी विचारले पाहिजे.

तुटवडा खरोखर जाणवला तो करोनानंतर. २०२० मध्ये कंपन्यांनी हजारो अनुभवी वैमानिकांना मुदतपूर्व निवृत्ती दिली, प्रवासी अपेक्षेपेक्षा लवकर परतले, आणि मोठ्या कंपन्यांनी आपल्या रिकाम्या जागा छोट्या कंपन्यांतील वैमानिक घेऊन भरल्या. स्कायवेस्ट या प्रादेशिक कंपनीने मार्च २०२२ मध्ये वैमानिक नसल्याचे कारण देऊन २९ छोट्या शहरांची सेवा सोडण्याची नोटीस दिली. टोलेडो आणि इथाका या शहरांतून अमेरिकन एअरलाइन्स बाहेर पडली. म्हणजे तुटवड्याची झळ सर्वांत मोठ्या विमानतळांना नव्हे, तर सर्वांत कमी पगार देणाऱ्या कंपन्यांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या छोट्या गावांना बसली. मग पगार वाढले. अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांनी त्याच वर्षी नव्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर देऊ केले. पुढे २०२४ मध्ये विमाने वेळेवर मिळेनाशी झाली, काही इंजिने तपासणीसाठी उतरवावी लागली, साउथवेस्टने भरती थांबवली आणि स्पिरिट एअरलाइन्सने वैमानिकांना घरी बसवले. तुटवड्यापासून कपातीपर्यंतचा हा प्रवास जेमतेम दोन वर्षांचा होता.

भारतातील अनुभव याहून तीव्र आहे, कारण इथे कंपन्याच मधूनमधून नाहीशा होतात. २००३ नंतर स्वस्त विमानसेवेची लाट आली तेव्हा कॅप्टन मिळेनात म्हणून परदेशी वैमानिक आणावे लागले, आणि ते पाहून असंख्य कुटुंबांनी कर्ज काढून मुलांना प्रशिक्षणाला पाठवले. ती मुले परवाना घेऊन बाहेर पडली तेव्हा २००८ ची मंदी आली होती. त्यानंतर २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक एकदम मोकळे झाले, आणि नव्याने परवाना घेतलेल्यांच्या रांगेत ते साहजिकच पुढे उभे राहिले.

इथेच या विषयातील सर्वांत महत्त्वाची गुंतागुंत आहे. ‘वैमानिक’ ही एकजिनसी संख्या नाही. भारतात व्यावसायिक परवाना, म्हणजे सीपीएल, २०० तासांच्या उड्डाणावर मिळतो. त्यानंतर विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याची पात्रता, लाखो रुपये खर्चून घ्यावे लागते, आणि कॅप्टन होण्यासाठी लागणारा परवाना १,५०० तासांनंतरच मिळू शकतो. कंपनीला कॅप्टन हवे असतात आणि बाजारात सीपीएलधारक असतात. त्यामुळे एकाच वर्षी, एकाच देशात, विमाने कॅप्टनअभावी उभी राहू शकतात आणि परवानाधारक तरुण घरी बसू शकतात, आणि दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, २०२२ मध्ये १,१६५ आणि २०२३ मध्ये १,६२२ सीपीएल दिले. या वाढीने पहिल्या पायरीवरील गर्दी वाढली, वरची पायरी मात्र लगेच भरत नाही. कॅप्टनला नोकरी सोडण्यापूर्वी वर्षभराची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागेल, हा २०१७ चा नियम याच टंचाईतून आला. तरीही २०२३ मध्ये आकासा एअरचे ४३ वैमानिक नोटीस न पाळता गेले आणि कंपनीला उड्डाणे रद्द करावी लागली.

डिसेंबर २०२५ मध्ये जे घडले ते तर लोहगाव विमानतळावर ताटकळलेल्या पुणेकरांनी स्वतः अनुभवले. वैमानिकांच्या थकव्यासंबंधीच्या नव्या नियमांनी आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू झाला आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वरच्या गणिताकडे परत पाहिले तर कारण कळते. एका वैमानिकाचे वापरता येणारे तास ८०० वरून ७०० वर आले असे उदाहरणादाखल धरले, तर प्रत्येक विमानामागे दीड वैमानिक जास्त लागतो, आणि ४०० विमानांच्या ताफ्यात ही वाढ सहाशेच्या पुढे जाते. मात्र हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते, आणि नियोजन चुकल्याचे कंपनीने स्वतः मान्य केले. विश्रांतीचे नियम सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहेत. त्यांच्यामुळे देशात वैमानिक उरले नाहीत असे म्हणणे मला मान्य नाही. कमीत कमी माणसांत वेळापत्रक बसवण्याची सवय तिथे उघडी पडली.

तेव्हा तुटवडा येतो, पण भाकितातला नव्हे. तो विशिष्ट पदाचा, विशिष्ट पगाराचा आणि काही महिन्यांचा किंवा एखाद-दोन वर्षांचा असतो. वीस वर्षांच्या आकड्यात त्यातल्या त्यात खात्रीचा भाग निवृत्तीचा असतो, कारण आज साठीत असलेला वैमानिक पासष्टीला कधी पोहोचेल हे ठाऊक असते. पण तोही नियमावर अवलंबून असतो: अमेरिकेने २००७ मध्ये निवृत्तीचे वय ६० वरून ६५ केले आणि पाच वर्षांच्या निवृत्त्या एका फटक्यात पुढे ढकलल्या गेल्या. भारतातील अंदाजाचा बराचसा भार नव्या विमानांवर आहे. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, तरी ती विमाने कारखान्यातून कधी बाहेर पडतील यावर वैमानिकांची खरी गरज ठरणार आहे.

बारामतीच्या धावपट्टीवर आज शिकणाऱ्या मुलाला यातला दोन वर्षांचाही उशीर महाग पडतो. नोकरी नसली तरी वैद्यकीय तपासणी आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) यांचे नूतनीकरण करावेच लागते, कर्जाचे हप्ते सुरू होतात आणि हात उड्डाणापासून दूर राहतो. म्हणून माझी स्पष्ट मागणी आहे की प्रत्येक प्रशिक्षण संस्थेने गेल्या पाच वर्षांत आपल्याकडून परवाना घेतलेल्यांपैकी किती जणांना विमान कंपनीत नोकरी मिळाली आणि ती मिळायला किती महिने लागले, हे दोन आकडे प्रवेश अर्जाच्या पहिल्या पानावर छापावेत, आणि डीजीसीएने ते तपासून प्रमाणित करावेत.