क्लस्टरसाठी प्रोसेसर घेताना: कोअर मोजण्याआधी मेमरी मोजा

क्लस्टर, म्हणजे एकत्र गणित करणारे अनेक जोडलेले संगणक, उभारताना "किती कोअरचा (प्रोसेसरमधल्या किती स्वतंत्र गणन-भागांचा) घेऊ?" हा प्रश्न आम्ही थोडा पुढे ढकलतो. त्याआधी बघायचं ते हे, की प्रत्येक कोअरला मेमरीतून डेटा किती वेगाने मिळणार. हवेचा प्रवाह, हवामान, भूकंपलहरी यांची गणितं दर पायरीला अफाट डेटा वाचतात. तो वेळेवर आला नाही तर कोअर नुसते ताटकळतात, आणि वीज मात्र खातात.

डीडीआर५-४८०० या रॅमचा एक चॅनेल (रॅम आणि प्रोसेसरमधला डेटाचा मार्ग) सेकंदाला ३८.४ जीबी देतो. एएमडीच्या एपिक ९००४ या सर्व्हर प्रोसेसरच्या मालिकेत असे १२ चॅनेल, म्हणजे सॉकेटमागे (बोर्डावरच्या एका प्रोसेसरमागे) कागदावर ४६०.८ जीबी. ९६ कोअरच्या ९६५४ मध्ये कोअरच्या वाट्याला ४.८ जीबी येतात, ३२ कोअरच्या ९३७४एफ मध्ये १४.४. हवामानासारख्या वरच्या कामांना आम्ही ९३७४एफच सुचवू. रेंडरिंग किंवा मॉन्टे कार्लोसारखी (यादृच्छिक आकड्यांवरची गणितं), डेटा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्याच छोट्या वेगवान मेमरीत, मावणारी कामं असतील तर ९६ कोअरचे पैसे नक्की वसूल होतात. सॉफ्टवेअरचं लायसन्स कोअरवर असेल तर मात्र कमी पण वेगवान कोअरच घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक रॅमची. १२ चॅनेलच्या बोर्डावर ६४ जीबीच्या चारच स्टिक लावल्या, तर २५६ जीबी मिळते खरी, पण वेग एक तृतीयांशावर येतो. १६ जीबीच्या १२ किंवा ३२ जीबीच्या १२ लावा. एकही चॅनेल रिकामा नको. रॅम ईसीसीच (बिटची चूक स्वतः पकडून दुरुस्त करणारी) हवी: चार दिवस चाललेल्या गणितात एक बिट गुपचूप उलटला तर उत्तर चुकतं आणि कळतही नाही. एएमडीच्या डेस्कटॉपसाठीच्या रायझन ७००० वर क्लस्टर बांधत असाल तर तिथे चॅनेल दोनच, आणि दोनऐवजी चार स्टिक लावल्या की रॅमचा अधिकृत वेग डीडीआर५-५२०० वरून ३६०० वर उतरतो.

ऑर्डरआधी स्वतःचं काम १, २, ४, ८, १६ कोअरवर चालवून वेळ लिहून ठेवा. त्याआधी ओपनएमपीची (एका प्रोसेसचं काम अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे समांतर धाग्यांत, वाटणारी सोय) थ्रेडसंख्या १ करा. नाहीतर ३२ कोअरच्या मशीनवर प्रत्येक प्रोसेस (चालू प्रोग्रामची एक प्रत) ३२ थ्रेड काढते आणि आकडे फसवे येतात. मग दोन सॉकेटच्या मशीनवर ८ प्रोसेस आधी एकाच सॉकेटवर बांधून आणि नंतर ४-४ वाटून चालवा. वाटल्यावर वेळ बराच घटला, तर अडचण बहुधा मेमरीची आहे. जादा कोअर तिथे उपयोगी पडणार नाहीत. प्रोग्रामचा ५ टक्के भाग एकामागून एकच चालत असेल, तर १६ कोअरवर वेग ९ पट होतो, ६४ वर जेमतेम १५ पट.

एकच काम अनेक नोडवर (क्लस्टरमधल्या संगणकांवर) पसरणार असेल तर इन्फिनिबँड या वेगवान नेटवर्कचे पैसे आधीच बाजूला काढा. एकमेकांवर अवलंबून नसलेली सुटी कामं असतील तर साधं गिगाबिट नेटवर्क पुरतं.

९३७४एफ ३२० वॅटचा आहे. दोन सॉकेटचा नोड पूर्ण भारावर साधारण ९०० वॅट धरा. चार नोडची उष्णता एकट्या १ टन एसीला पुरून उरते, आणि महिन्याला सुमारे २६०० युनिट जातात, एसीचे वेगळे. महावितरणकडचा मंजूर भार तपासून घ्या. ऑफिस बंद करताना कोणी एसी बंद करणार नाही याचीही सोय हवी. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये बंद खोली तासाभरात तापते आणि प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो.

कोटेशनसाठी येताना वेळांचा तक्ता आणि सर्वात मोठ्या कामाला किती रॅम लागते तो आकडा घेऊन या.