अब्जात एक उरला

हिशोब चोख जमला असता तर आपण नसतो. महास्फोटानंतर कण आणि प्रतिकण (कणांचे उलट्या भाराचे जुळे) जोडीने जन्मले आणि समोरासमोर येताच प्रकाश होऊन संपले. पण अब्जभर जोड्यांमागे साधारण एक कण जास्तीचा निघाला. तारे, समुद्र, तुम्ही-आम्ही, सगळा त्या शिल्लकीतला पसारा.

दुसरं कोडं कृष्णद्रव्याचं: दीर्घिका बांधून ठेवायला दिसणाऱ्या द्रव्याच्या पाचपटीहून जास्त न दिसणारं द्रव्य लागतं.

ही कोडी सहसा वेगवेगळी सोडवतात. हुआन गार्सिया-बेयिदो, बर्नार्ड कार आणि सेबास्तियन क्लेस या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये ती एकत्र बांधली. महास्फोटानंतर सेकंदाच्या सुमारे एक लाखाव्या भागात क्वार्क या मूलकणांचे प्रोटॉन होत होते, तेव्हा दाब क्षणभर ढिला पडला. जिथे दाटी जास्त होती, तिथलं सगळं आत कोसळलं आणि सूर्याएवढ्या वस्तुमानाची आद्य कृष्णविवरं तयार झाली. त्या धक्क्याने भोवतालचा भाग भयंकर तापला आणि तिथे कणांचं पारडं जड झालं. म्हणजे विवरं हेच कृष्णद्रव्य आणि शिल्लक कण म्हणजे आपण. दोघांचा उगम एकच, म्हणून प्रमाणही एकाच पट्टीतलं. कल्पना देखणी आहे, पण देखणेपणावर विज्ञान भागत नाही.

अशी विवरं शोधायची कशी? विवर ताऱ्यासमोरून गेलं की त्याचं गुरुत्व भिंगासारखं वागतं आणि तारा काही काळ उजळतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये हवाईतल्या सुबारू दुर्बिणीने एका रात्री सुमारे सात तास देवयानी दीर्घिकेचे दर दोन मिनिटांना फोटो काढले. सगळं कृष्णद्रव्य चंद्राएवढ्या किंवा त्याहून हलक्या विवरांचं असतं, तर हजारेक तारे उजळायला हवे होते. संशयित सापडला एकच! सूर्याच्या वजनाच्या विवरांसाठी मॅजेलन मेघांवर, म्हणजे शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांवर, वीस वर्षं रोखलेली नजरही जवळपास रिकामीच परतली. २०२४ च्या त्या निकालाने वरच्या कल्पनेची चांगलीच कोंडी केली, असं मला वाटतं. विवरं पुंजक्यांनी असतील आणि म्हणून या नजरेतून निसटली असतील, हा तिच्या समर्थकांचा बचाव आहे.

लघुग्रहाएवढ्या वजनाची विवरं मात्र अजून निसटतात. त्यांचा आकार अणूच्या आसपास, प्रकाशाच्या तरंगापेक्षाही कितीतरी लहान. मग भिंग चालणार कसं?

दुसरी वाट गुरुत्वीय लहरींची, म्हणजे कृष्णविवरं एकमेकांवर आदळताना अवकाशात उठणाऱ्या तरंगांची. तारा मरून सूर्यापेक्षा हलकं कृष्णविवर होत नाही. तसं एखादं सापडलं, तर ते आद्य असण्याचीच शक्यता दाट. हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या कामात हाही शोध असेल.