पेटीला ताप आलाय, पण कळलं कधी?

१२ जानेवारी २०२१ ची पहाट आठवतेय का? पुण्यातल्या मांजरी भागात सीरमच्या गेटमधून कोविशील्डचे तीन ट्रक बाहेर पडले, पाच वाजायच्या सुमारास, आधी रीतसर पूजा झाली आणि मग बंदोबस्तात थेट लोहगाव विमानतळ. टीव्हीवर सगळे पेट्या मोजत होते, ४७८ पेट्या, एकेक ३२ किलोची, १३ ठिकाणी जाणार वगैरे. मला मात्र एकच प्रश्न पडलेला, की पेटी पोचली हे कळेल, पण लस २ ते ८ डिग्रीतच पोचली हे कोण सांगणार? कारण बाटलीकडे बघून काहीच कळत नाही, दूध फाटलं तर दिसतं, वास येतो, लस गेली तर बाहेरून अगदी शहाण्यासारखी दिसते.

यासाठी पूर्वीपासून पेटीत डेटा लॉगर टाकतात. छोटी डबी, आत थर्मिस्टर, म्हणजे तापमान बदललं की ज्याचा विद्युत रोध बदलतो असा तुकडा, दर काही मिनिटांनी आकडा नोंदवत बसतो. पण हा गडी मुका. पेटी मुक्कामी उघडायची, लॉगर कॉम्प्युटरला लावायचा आणि मग कळणार की परवा रात्री कुठल्यातरी टोलनाक्यापाशी ट्रकचं रेफ्रिजरेशन बंद पडलेलं. म्हणजे पोस्टमॉर्टेमच झालं की ते. आताच्या ट्रॅकरमध्ये सिमकार्ड आणि जीपीएस पण असतं, त्यामुळे तापमान चढायला लागलं की कंट्रोल रूमला तेव्हाच मेसेज जातो, तिथला माणूस ड्रायव्हरला फोन करतो आणि पेट्या जवळच्या कोल्ड स्टोरेजला हलवता येतात.

याचं झकास उदाहरण फायझरचं. त्यांच्या लशीला उणे ८० ते उणे ६० डिग्री लागायचं, म्हणून ड्राय आइस भरलेली पेटी, आत जास्तीत जास्त ४,८७५ डोस, आणि प्रत्येक पेटीला जीपीएसवाला सेन्सर. डिसेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियात पोचलेल्या दोन ट्रेचं तापमान उणे ९२ निघालं. जास्त गरम नाही हां, जास्त थंड! तरी ते ट्रे ट्रकमधून उतरवलेच नाहीत, तसेच परत पाठवले आणि बदली माल मागवला. ठरलेल्या रेंजमध्ये लस टिकते याचा पुरावा असतो, रेंजच्या बाहेर नुसता अंदाज, आणि अंदाजावर कुणाच्या दंडात सुई टोचायची नसते.

आता लाइव्ह म्हटलं तरी ते तितकंसं लाइव्ह नसतं बरं का. विमानात मोबाइल सिग्नल बंद ठेवावा लागतो, म्हणून ट्रॅकर टेकऑफ ओळखून आपणहून गप्प बसतो, आकडे पोटात साठवतो आणि उतरल्यावर एकदम ओकतो. पण खरा धोका विमानाच्या आधी आणि नंतर असतो. मे महिन्यात धावपट्टीशेजारच्या काँक्रीटवर पेट्या रचलेलं पॅलेट उन्हात उभं, कागद कुणाच्यातरी सहीसाठी अडकलेले, गोडाऊन थंड, विमान थंड, मधला तुकडा तापलेला.

आणि एक गंमत, सरासरी बघून फसू नका. समजा पेटी २१ तास ४ डिग्रीला होती आणि ३ तास ३० ला. साधी सरासरी काढा, ७.२५ येते, म्हणजे पास! पण औषध बिघडण्याची रासायनिक क्रिया उष्णतेबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, भराभर वाढते, म्हणून या धंद्यात मीन कायनेटिक टेंपरेचर नावाचा हिशोब करतात, त्यात गरम तासांना जास्त वजन मिळतं. नेहमीच्या गृहीतकांनी तोच हिशोब केला तर उत्तर १४ च्या वर जातं. तीन तासांनी अख्ख्या दिवसाची वाट लावली.

आपल्याकडे सरकारी लसीकरणात २०१५ पासून ईविन नावाची यंत्रणा आली, आरोग्य मंत्रालय आणि यूएनडीपीची (संयुक्त राष्ट्रांची विकास संस्था). लशीच्या फ्रीजमध्ये सेन्सर, दर १० मिनिटांनी नोंद, तासाने सर्व्हरवर, आणि बिघाड झाला की एसएमएस. त्याआधी (आणि अजूनही) सिस्टर दिवसातून दोनदा थर्मामीटर बघून वहीत लिहितात, पण रात्री दोनला लाइट गेली तर वहीला काय कळणार.

बाटलीवर पण एक साधी खूण असते, व्हीव्हीएम म्हणजे व्हॅक्सीन व्हायल मॉनिटर, गोलाच्या आत फिकट चौकोन. पोलिओच्या बाटलीवर ती १९९६ ला आली. ऊब लागत जाईल तसा चौकोन गडद होत जातो, परत फिकट होत नाही, गोलाच्या रंगाला भिडला की बाटली बाद. ना बॅटरी ना सिम, मला तर हे कुठल्याही ट्रॅकरपेक्षा भारी वाटतं. पण हिला गोठणं कळत नाही, आणि हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकच लस) अशा लशींना गोठणंच मारतं. त्यात अॅल्युमिनियमच्या क्षाराचे बारीक कण असतात, बर्फ झाला की ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, वितळल्यावर भरभर तळाशी बसतात. शंका आली तर त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवतात, दोन्ही हलवून शेजारी ठेवतात आणि कुठली आधी बसते ते बघतात. म्हणून तर लस नेायच्या डब्यात, म्हणजे कॅरिअरमध्ये, आइसपॅक भरण्याआधी ते बाहेर काढून ठेवतात आणि कानापाशी हलवून बघतात, आत पाणी खळखळलं की मगच भरायचे.

आईचं इन्सुलिन आणायला गेलो की मेडिकलवाला फ्रीजरमधला दगडासारखा कडक जेलपॅक काढून त्याला डबी रबरबँडने घट्ट बांधून द्यायचा, थंड राहील म्हणून. इन्सुलिन पण गोठलं की वापरायचं नसतं, आणि या शेवटच्या दोन किलोमीटरला ना सेन्सर ना कंट्रोल रूम. आता मी पेपर घेऊनच जातो, डबीला तीन घड्या गुंडाळतो आणि मग पॅक लावायला सांगतो. तो हसतो, हसू दे.